मागच्या अंगणातली रेल्वे, मुलुंड पूर्व : कामाच्या नोंदी

अंगणात फिरणारी छोटी मॉडेल रेल्वे बांधली, तिची जागा म्हणजे आत्याच्या बैठ्या घराची मागची बाजू, साधारण ११ मीटर बाय साडेसहा मीटर. एक फणस, एक जांभूळ, दोन नारळ आणि कोपऱ्यात धुण्याचा दगड. रुळांमधलं अंतर ४५ मिमी, लूप, म्हणजे फिरून परत येणारा मार्ग, सुमारे २८ मीटर आणि एक सायडिंग, म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा फाटा. परदेशी किट आणि तयार रूळ न घेता मुंबईच्या बाजारात मिळेल तेवढ्यातच सगळं करायचं ठरवलं होतं. आपल्याकडच्या पावसात अशी लाईन टिकवू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत.

१७ नोव्हेंबर २०२४ – मोजणी

गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप घेऊन सगळं अंगण मोजलं. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून मागच्या कंपाउंडपर्यंत जमीन १९ सेंमी उतरते. डोळ्यांना हे अजिबात कळत नाही, त्यामुळे पाईप न लावता कामाला हात घालू नये.

पाणी कुठवर चढतं हे आत्याला विचारलं. ती म्हणाली, "दरवर्षी फणसाच्या बुंध्याशी येतं, पण पायरीला शिवत नाही. शिवलं ते एकदाच, सव्वीस जुलैला." २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला होता. तेव्हाची चिखलाची रेघ कंपाउंडच्या आतल्या बाजूला रंगाखाली अजून कळते. तो दिवस धरून लाईन बांधायची तर ती गच्चीवरच न्यावी लागेल. म्हणून फणसाच्या बुंध्याची नेहमीची खूण धरली आणि तिच्यावर १२ सेंमी रुळाची पातळी ठरवली.

गेजबद्दल, म्हणजे रुळांमधल्या अंतराबद्दल थोडं. माथेरानची गाडी २ फुटी, म्हणजे ६१० मिमी रुळांवर चालते. ४५ मिमीवर तिचं प्रमाण जवळजवळ १:१३.५ येतं आणि ३२ मिमीवर १:१९. मला डबे माथेरानच्या धाटणीचे हवेत. ४५ घेतलं ते मात्र वेगळ्या कारणासाठी. अंगणात काटक्या, बिया, पानं पडणारच. रुंद गेजवरची जड गाडी त्यांच्यावरून निघून जाते, लहान गेजची रुळावरून उतरते.

७ डिसेंबर – रूळ

तयार पितळी रूळ परदेशातून मागवायचे तर कस्टम धरून किंमत हाताबाहेर जाते. तो नाद सोडला आणि गुलालवाडीत गेलो. १० बाय ३ मिमीची ३०४ स्टेनलेस पट्टी घेतली, उभी वापरण्यासाठी. मीटरला साधारण २४० ग्रॅम भरते, म्हणजे दोन्ही बाजू आणि सायडिंग मिळून पंधरा किलोच्या आत. खर्च ४,२०० रुपये.

अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि स्वस्त होतं, पण ऊन लागल्यावर ते स्टेनलेसपेक्षा जास्त वाढतं, आणि त्यावरून माणसाचा पाय पडला की वाकतं. अंगणात माणसं चालणारच. लोखंडी पट्टी दुकानदाराने आपणहून दाखवली, पण मुलुंडच्या दमट हवेत ती पहिल्याच पावसात गंजली असती. दुकानातच पट्ट्यांचे आठ फुटांचे तुकडे करून घेतले. मशीद स्टेशनवरून लगेज डब्यातून घरी आणता येतात, टेम्पो लागत नाही. गर्दीच्या वेळी मात्र हा उद्योग करू नये.

२९ डिसेंबर – स्लीपर

स्लीपर म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या. त्यांच्यासाठी आधी मरीन प्लायचे तुकडे करून बघितले. बादलीत भिजवून मग उन्हात ठेवले, तेव्हा कडेने थर सुटायला लागले. तो प्रकार तिथेच थांबवला. त्यानंतर एचडीपीई या कडक प्लास्टिकच्या शीटचे भंगारातले तुकडे घेतले, १२ मिमी जाडीचे आणि काळेच. पांढरं एचडीपीई उन्हात वर्षभरात खडूसारखं भुरभुरतं. काळ्यातला कार्बन ते वाचवतो.

सुताराच्या कटर टेबलावर १२ मिमीच्या पट्ट्या पाडल्या, मग १०० मिमीचे तुकडे केले. प्रत्येकात ६ मिमी खोल अशा दोन खाचा, आतल्या कडांमध्ये बरोबर ४५ मिमी. खाच २.८ मिमी ठेवली, म्हणजे ३ मिमीची पट्टी लाकडी हातोड्याने ठोकून घट्ट बसते. वळणावर गेज ४६ ठेवला, त्याच्या स्लीपरना लाल ठिपका केला. एकूण पाचशेच्या आसपास स्लीपर लागले. सरळ आणि वळणाचे एका पिशवीत टाकू नका, नंतर एकेक मोजत बसावं लागतं.

वळणासाठी पट्टी आधीच वाकवून घ्यावी लागते. सरळ पट्टी जबरदस्तीने खाचेत बसवली की ती सुटून सरळ व्हायला बघते आणि सगळी लाईन बाहेर ओढते. जाड प्लायवर ६०८ नंबरचे तीन बेअरिंग लावून बेंडर केला. नागदेवीला बेअरिंग सुटे मिळतात. वळणाची त्रिज्या कुठेही १.५ मीटरच्या खाली आणली नाही.

१९ जानेवारी २०२५ – चाकं

लेथवर ३२ मिमी व्यासाची चाकं कापून घेतली. पहिल्या लॉटमध्ये एका अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांच्या पाठींमधलं (आतल्या बाजूंमधलं) अंतर ४२ मिमी ठेवलं गेलं. सरळ रुळावर काहीच कळलं नाही. सायडिंगच्या सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, मात्र प्रत्येक डबा चढायचा आणि घसरायचा. ४५ च्या गेजला हे अंतर ४० च्या आसपास हवं, तरच चाकाची आतली उंच कड रूळ आणि गार्ड रेल (रुळाच्या आतून लावलेली पट्टी) यांच्यामधून नीट जाते. अ‍ॅक्सल परत नेऊन चाकं दाबून घेतली, १,१०० रुपये वर गेले.

लेथवाल्या काकांना ड्रॉइंग देताना दोन गोष्टी ठळक लिहा. एक म्हणजे हे पाठींमधलं अंतर. दुसरी, चाकाचा उतार कोणत्या बाजूला हवा. चाक कडेच्या बाजूला मोठं आणि बाहेर लहान असतं, उतार साधारण ३ अंश. ज्यांनी गाडीचं चाक कधी केलेलं नाही, त्यांना हा उतार उलटा वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

३ फेब्रुवारी – रुळातली वीज बंद

आज मुंबईतल्या पहिल्या विजेच्या गाडीला शंभर वर्षं झाली. ३ फेब्रुवारी १९२५ ला ती व्हीटीहून कुर्ल्याला गेली, १५०० व्होल्ट डीसीवर. आणि मी नेमकी आजच माझ्या लाईनची वीज काढली.

रुळांतून १८ व्होल्ट सोडून ट्रायल घेत होतो. सहा मीटरच्या सुक्या रुळावर इंजिन छान धावलं. मग पहाटेचं दव पडायला लागलं, त्यावर धूळ बसली आणि प्रत्येक जॉइंटला काळा थर जमला. स्टेनलेसवर वीज आधीच नीट पोचत नाही, त्यात जॉइंट खराब झाला की पुढचा तुकडा मेलाच. जंक्शन बॉक्समध्ये मुंग्यांनी घर केलं, आणि उघड्या टोकाची तांब्याची तार कावळे उचलून न्यायचे. हे सगळं हिवाळ्यात, पाऊस तर अजून यायचाच होता. वायर, ट्रान्सफॉर्मर, क्लिपा मिळून ३,००० रुपये वाया गेले.

आता इंजिनातच बॅटरी ठेवली आहे. १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट, ६ अँपिअर-अवर. बाकी लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टची, ३०० आरपीएमची जॉन्सन गिअर मोटर, रिमोटच्या गाड्यांचा स्पीड कंट्रोलर आणि रेडिओ. सगळं मिळून ७,५०० रुपये. ३२ मिमीच्या चाकावर मोटरच्या पूर्ण वेगात सेकंदाला अर्धा मीटर वेग येतो. माथेरानच्या गाडीच्या रमतगमत चालीला तो थोडा जास्तच आहे, म्हणून कंट्रोलरची मर्यादा खाली आणली. रुळांतली वीज काढल्यामुळे त्यांचं काम फक्त गाडी धरून ठेवणं एवढंच उरलं. आपल्या हवेत तेवढं केलं तरी खूप झालं.

१६ मार्च – चढ

स्वयंपाकघराच्या बाजूला दगडांची छोटी टेकडी करून तिच्यावर १:२० चा चढ दिला होता, नेरळ-माथेरानला आहे तसा. इंजिनाचं वजन ३.४ किलो, तीन डबे २.४ किलो. एकूण ५.८ किलोच्या गाडीला फक्त चढासाठी २९० ग्रॅम ओढ लागते, वर वळणाचं घर्षण वेगळं. कोरड्या रुळावर गाडी आरामात चढायची. मग आत्याने झाडांना पाणी घातलं, चढावर दोन ओली पानं चिकटली आणि इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसलं.

इंजिनात लोखंडी पट्ट्या भरून वजन वाढवून पाहिलं, तेव्हा मोटर तापायला लागली. दार्जिलिंगच्या गाडीवर रुळावर वाळू टाकायला पुढे माणसं बसतात, ती सोय अंगणात नाही. टेकडी अर्धी उतरवली आणि चढ १:४५ वर आणला. माथेरानसारखा दिसत नाही याचं वाईट वाटतं. पण ओल्या पानावरूनही गाडी आता वर जाते.

२० एप्रिल – ऊन

लूप पूर्ण जोडून झाला. दुपारी फणसाच्या सावलीबाहेरच्या सरळ पट्ट्यात रूळ बाजूला फुगलेला दिसला, मध्यभागी बोटभर. मार्चमध्ये जॉइंट एकमेकांना टेकवून बसवलेले होते. स्टेनलेस दर अंशाला मीटरमागे ०.०१७ मिमी वाढतं. पहाटे २० अंश आणि भर उन्हात धातू ६० अंश धरला, तर आठ फुटांची पट्टी दीड मिमीहून जास्त लांबते. एकामागे एक चार पट्ट्या असल्या की ती सगळी वाढ एकाच ठिकाणी जाऊन फुटते.

सगळे जॉइंट उघडले. सकाळी सातच्या आत २ मिमी फट ठेवून पुन्हा बसवले. फिशप्लेटची, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीची, भोकं लांबट केली आणि बोल्ट हाताने फिरेल इतपतच आवळला. उष्णतेने एचडीपीईची पकडही थोडी सैल होते. म्हणून दर आठव्या स्लीपरला आडवं भोक पाडून रुळातून २ मिमीची स्टील पिन घातली. पिन प्रत्येक पट्टीच्या मधल्या भागातच घाला, दोन्ही टोकं मोकळी राहू द्या.

२७ मे – पाऊस

१० जूनपर्यंत वेळ आहे असं धरून चाललो होतो. मान्सून मुंबईत २६ मे लाच आला. नेहमीची तारीख ११ जून. कुलाब्याला या मे महिन्यात २९५ मिमी पाऊस झाला आणि १९१८ चा विक्रम मोडला.

मागच्या कंपाउंडच्या बाजूला मुरूम आणि खडी घालून लाईनसाठी सहा मीटर लांब भराव केला होता. पातळी बरोबर होती, पाणी रुळाच्या वर कधीच आलं नाही. पण अंगणाचा उतार त्याच बाजूला आहे आणि भराव आडवा. म्हणजे कंपाउंडच्या आत एक बंधाराच उभा राहिला होता. छपराचं आणि अंगणाचं पाणी त्याच्यामागे साठत गेलं आणि एका जागी फोडून बाहेर पडलं. सकाळी पाहिलं तर दोन मीटर लांबीत खालचा मुरूम गेलेला आणि रूळ स्लीपरसकट हवेत लोंबकळत होते. खडी शेजारच्या गटाराच्या जाळीवर जाऊन बसली होती, ती आधी काढून दिली.

भरावाखाली ११० मिमीचा एक पीव्हीसी पाईप टाकलेला होता. हिशेब असा: छप्पर आणि अंगण मिळून सुमारे १६० चौरस मीटर. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर सेकंदाला साडेचार लिटर पाणी येतं. असा पाईप शंभरात एक उताराने स्वच्छ असेल तर याहून जास्त वाहतो, म्हणजे कागदावर तो पुरेसा होता. पण त्याच्या तोंडाशी फणसाचं एक पान आडवं बसलं, त्यावर दुसरं, आणि मग काटक्या. बाहेर काढला तेव्हा पाईपचं तोंड पूर्ण बंद होतं. नेरळ-माथेरानची लाईनही २००५ च्या पावसात अशीच ठिकठिकाणी वाहून गेली आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. डोंगर असो की अंगण, पाण्याच्या वाटेत आडवी माती टाकली की ती जातेच.

भरावाचे ५,००० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे पावसाच्या तोंडावर पुन्हा बांधकाम काढावं लागणार.

१५ जून – भरावाऐवजी पूल

भराव सगळा काढला. त्या सहा मीटरमध्ये आता जांभ्या दगडाचे खांब आहेत, ४० सेंमी अंतरावर, आणि वर कडप्प्याच्या १५० मिमी रुंद, २० मिमी जाड पट्ट्या. मार्बलच्या दुकानात ओट्याचे उरलेले तुकडे पडून असतात, ते स्वस्तात दिले. पाणी आता खांबांमधून मोकळं जातं. पान अडकलं तर बाजूच्या गाळ्यातून जातं, आणि अडकलेलं वरून दिसतं, हे सगळ्यात महत्त्वाचं.

मिस्त्रींनी पावसाची उघडीप बघून पाया भरला आणि रात्री ताडपत्री टाकली. कडप्प्याला स्लीपरसाठी भोकं पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. हॅमरवर पहिल्या दोन पट्ट्या मधोमध तडकल्या. साधं फिरतं ड्रिल, हळू वेग आणि वरून पाण्याची बारीक धार, असं केल्यावर एकही गेली नाही. मजुरीसकट हा भाग ९,००० रुपयांना पडला.

लाईनच्या बाकीच्या भागात खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं कापड), त्यावर मोठी खडी आणि वर ६ मिमी ग्रिट, म्हणजे बारीक खडी, असा थर केला. जिओटेक्स्टाइल टेरेस गार्डनचं सामान विकणाऱ्यांकडे मीटरवर मिळतं. ते नसेल तर खडी चिखलात बुडते आणि महिन्याभरात रुळाची पातळी जाते.

याच दिवसांत जांभळं पडतात. चाकाखाली चिरडलेल्या जांभळाचा गर रुळावर वाळला की चिकट जांभळा थर बसतो आणि इंजिन घसरतं. ओल्या फडक्याने लगेच पुसला तर निघतो. दुसऱ्या दिवशी खरवडावा लागतो.

२० जुलै – घूस

सायडिंगजवळ रूळ एका बाजूला कलला होता. ग्रिट बाजूला केली तर खाली मनगटाएवढं बीळ. घूस रात्री पोखरते आणि मोकळी माती बाहेर टाकते. वरून काहीच दिसत नाही, एक दिवस वजन आलं की थर खाली बसतो.

बीळ खडी आणि सिमेंटने भरलं, तर तिने हातभर बाजूला नवं केलं. शेवटी त्या चार मीटरमध्ये सगळा थर काढून तळाला अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी घातली आणि दोन्ही कडांना ती वीतभर खाली वळवली. १,५०० रुपये. त्यानंतर तिथे पोखरलेलं नाही. सुरुवातीलाच पूर्ण लूपखाली जाळी घातली असती तर खर्च थोडा वाढला असता, पण हे उकरणं वाचलं असतं.

पावसात या मातीत उघड्या हातापायांनी काम करू नका. उंदीर-घुशींच्या मुतामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, आणि पायाला बारीक खरचटलेलं असलं तरी तेवढं पुरतं. गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच उतरा. जांभ्याच्या खांबांवर जिथे खळगे राहिले होते, तिथे पाणी साचून डासांच्या अळ्या दिसल्या. ते सगळे सिमेंटने भरले. एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक खळगा, कुंडीची थाळी, सिग्नलच्या खांबाचं भोक कोरडं करायचंच.

२० ऑगस्ट – पुलाची परीक्षा

काल आणि परवा मुसळधार. लोकल बंद, मोनोरेल मध्येच अडकली. आत्याकडे पोचायचा प्रश्नच नव्हता, फोनवर विचारत होतो. ती खिडकीतून बघून सांगत होती, "अरे, पाणी खांबांच्या अर्ध्यावर आहे, पण वाहतंय. तुझी लाईन दिसतेय मला."

आज जाऊन पाहिलं. पूल जागच्या जागी. दोन गाळ्यांत पानांचा ढीग अडकला होता आणि पाणी शेजारच्या गाळ्यातून गेलेलं. ग्रिटचा वरचा थर एका वळणावर वाहून गेला, तो परत भरला. लेव्हल पाईप लावला तेव्हा खांबांमध्ये कुठेही फरक नव्हता. मला फार आनंद झाला.

१६ नोव्हेंबर – वर्षाचा हिशेब आणि नेहमीची देखभाल

खर्च: रूळ ४,२००, स्लीपर १,८००, चाकं दुरुस्तीसह ४,०००, मोटर-बॅटरी-रेडिओ ७,५००, पूल ९,०००, जाळी १,५००. वाया गेलेले म्हणजे विजेचे ३,००० आणि भरावाचे ५,०००. सगळे मिळून ३६,०००. पत्र्याची कात्री, ड्रिल ही हत्यारं घरातलीच होती, ती यात नाहीत. आता पुन्हा काम काढलं तर पहिला खर्च पुलाचा आणि जाळीचा करेन, रूळ त्यानंतर.

रविवारी सकाळी मेगाब्लॉक. आधी रेल्वेच्या की-मनसारखं पूर्ण लाईनवरून चालत जायचं, हातात ब्रश आणि छोटा स्पॅनर. पानं झाडायची, फिशप्लेटचे बोल्ट बघायचे, गेजचा ठोकळा फिरवायचा. हा ठोकळा ४५ मिमीचा, पितळी, त्याला दोरी बांधलेली. तो हलका ओढला की कुठे अडतो ते हाताला कळतं. स्टेनलेसवर तपकिरी डाग येतात, ते गंजाचेच पण वरवरचे असतात, स्कॉचब्राइटने निघतात. तेल रुळाला लावायचं नाही, फक्त अ‍ॅक्सलला, आणि तेही एक थेंब. चाकं साध्या लोखंडाची असल्याने डबे रात्री घरातच ठेवतो. पावसात एका रात्रीत त्यांच्यावर तांबूस थर येतो.

राहिलेलं काम: सायडिंगचा सांधा अजून हाताने बदलावा लागतो. त्याच्या पात्याचं (हलणाऱ्या रुळाचं) टोक पुरेसं घासलेलं नाही, उलट्या दिशेने येणारा शेवटचा डबा कधीकधी तिथे उडी मारतो. पातं काढून घरी आणलं आहे, टोक अर्ध्या मिमीपर्यंत घासायचं आहे. स्टेनलेस घासताना ग्राइंडरवर ते निळं पडू देऊ नये, कानशीनेच करायचं ठरवलंय.